पाच विद्यापीठांचे सर

आमच्या माडीवर सर आठ वर्षं राहिले. तेवढ्या काळात एक दिवस सोडला तर ते मोकळ्या हातानं जिना उतरले नाहीत. खाली यायचं तर एका खेपेत तीन कामं झाली पाहिजेत, असा त्यांचा नेम होता. उष्टं ताट आणायचं, कळशी भरून न्यायची, आणि तिसरं काहीतरी. तिसरं काम नसलं तर ते वरच्या पायरीवर बसून राहायचे. एकदा चैतात भर दुपारी मी वाळवण बघायला वर गेले, तर हे पायरीवर बसलेले, ओठ सुकलेले.

"काय झालं?"

"तहान लागली."

"मग या की खाली."

"दोनच कामं आहेत, अक्का. टपाल आलं की येतो."

टपाल आलं नाही. पाणी मीच नेऊन दिलं. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते. त्यांच्या शास्त्रात माझी खेप धरलेली नव्हती, कारण ती त्यांची खेप नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वही काढून लिहून घेतलं. वहीत लिहून घेणं हीच त्यांची माफी मागायची रीत होती. दुसरी त्यांना येत नव्हती.

सर मूळचे आमच्यासारख्याच सीमाभागातल्या निंबर्ग्याचे. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी आणि नोकरीत इंग्रजी, त्यामुळं कुठलीच भाषा ते घाईनं बोलत नसत. शिकवायचे काय, हे कमलनगरला शेवटपर्यंत कळलं नाही. विषयाचं नाव ऑपरेशन रिसर्च. त्या नावावरून गावानं जे विनोद करायचे ते केले, ते मी सांगत बसत नाही. मला त्यांनी एकदा सांगितलं ते असं. काम ठरलेलं आहे, माणसं मोजकी आहेत, वेळ कमी आहे. तर कुणी, कधी, कोणत्या क्रमानं काय केलं म्हणजे कमीत कमी वाया जाईल, हे गणितानं काढायचं.

मी म्हटलं, "हे तर प्रत्येक बाई रोज सकाळी करती."

"व्हय," सर म्हणाले. "पण तिला पदवी देत नाहीत."

या विषयाचे पुरेसे मास्तर एकाही विद्यापीठाकडं नव्हते. म्हणून पाच विद्यापीठांनी मिळून एकच एम.एस्सी. काढली होती. मुलांनी आपल्या जवळच्या विद्यापीठात नाव घालायचं. पाची ठिकाणच्या एकेका मास्तरानं सगळ्या मुलांना संगणकावर शिकवायचं. गुण पाचही ठिकाणांहून यायचे आणि एका कागदावर बसायचे. सर त्या पाचांतले एक. नोकरीतून सुटल्यावरही त्यांच्या जागी दुसरा कुणी मिळाला नाही, म्हणून ते शिकवत राहिले. कमलनगर तालुका झाला, कचेऱ्या आल्या, त्यांच्यासाठी इंटरनेटची तार आली, आणि ती माझ्या माडीवरून गेली. एवढ्यासाठी ते माझ्याकडं राहायला आले. माझं घर बरं होतं म्हणून नाही.

सकाळी दहा ते बारा वर्ग चालायचा. खाली मला ऐकू यायचं. पाच गावची मुलं एकदम "सर, आवाज येईना" म्हणून ओरडायची. सर शांतपणे म्हणायचे, "एकानं बोला. चौघांनी वाट बघा. वाट बघणं हेही कामच आहे, फक्त त्याचा पगार कुणी देत नाही."

हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. मला त्याचा कंटाळा आला होता.

पहिल्या वर्षी ते माझ्या स्वयंपाकघरात घड्याळ घेऊन बसले. मी भाकरी करत होते. त्यांनी हिशेब मांडला की मी प्रत्येक भाकरीसाठी वेगळं पीठ मळते, त्यात वेळ जातो. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं तर सोळा भाकऱ्यांना इतकी मिनिटं वाचतील.

"ज्वारीचं पीठ हाय सर, गव्हाचं न्हाई. मळून ठेवलं की चिरा पडत्यात."

"एकदा करून बघा."

मी करून बघितलं. पहिल्या तीन भाकऱ्या आल्या. चौथी काठाला फाटली. पुढच्यांचे तव्यावर टाकतानाच तुकडे झाले. ते तुकडे मी त्यांच्याच ताटात वाढले, एकही टाकला नाही. त्यांनी ते खाल्ले आणि वही काढली. पुढं मला कळलं की त्यांनी हे पाच विद्यापीठांच्या पेपरात घातलं होतं. एका वृद्ध स्त्रीला सोळा भाकऱ्या करायच्या आहेत, मळलेलं पीठ ठरावीक वेळापेक्षा जास्त टिकत नाही, तर इत्यादी. मला न विचारता वृद्ध केलं, याचा मला राग आला होता.

त्यांच्याकडं कुणी सल्ला मागायला गेलं की ते पहिल्यांदा विचारायचे, "अटी सांगा." गल्लीतली एक बाई मुलाच्या सोयरिकीचं विचारायला आली. मुलगी गोरी हवी, पदवीवाली हवी, पण नोकरी न करणारी, एकुलती, बापाला पाण्याखालची जमीन, आणि वय बावीसच्या आत. सरांनी बोटं मोजली.

"सहा अटी. यात एकही मुलगी बसत नाही. अटींत उत्तर बसत नसलं तर एक अट सोडायची."

"कुठली सोडू?"

"तुमचा मुलगा कोण आहे ते बघितलंय मी. सातवी अट तोच आहे. त्याला सोडा."

ती बाई नंतर चार वर्षं आमच्या दारावरून गेली नाही. मला बरंच झालं.

जीपचा नाद मात्र खरा मोठा. आमच्याकडं खेड्यांतून ये-जा करणाऱ्या जीपा भरल्याशिवाय सुटत नाहीत. आणि माणसं जीप भरत आल्याशिवाय आत बसत नाहीत. आधी बसेल तो आत उकडत राहील, म्हणून सगळे बाहेर, कुणी चहाच्या टपरीवर, कुणी लिंबाखाली. ड्रायव्हर ओरडतो, "बसा की अण्णा." अण्णा म्हणतो, "आधी भर की." तो म्हणतो, "तुम्ही बसल्याबिगर कशी भरंल?" असं तासभर चालतं. सर स्टँडवर जाऊन हे लिहून आणायचे, किती जण उभे, किती बसले, कधी सुटली. ड्रायव्हर त्यांना पहिल्यांदा आरटीओचा माणूस समजून चहा पाजायचे. ते तसे नाहीत हे कळल्यावर चहा बंद झाला, सर बंद झाले नाहीत. एक जण बसला की बाकीचे बसतात, हे सिद्ध करायला ते एकदा सकाळी सातला एकटे आत जाऊन बसले. साडेनऊपर्यंत बसून होते. मग ड्रायव्हरच म्हणाला, "सर, उतरा. आज गाडी सर्व्हिसिंगला न्यायची हाय."

हे सगळं हसण्यावारी होतं. एका मुलीच्या बाबतीत ते हसण्यावारी राहिलं नाही.

ती आमच्याजवळच्या मेहकर खेड्यातली, बौद्धांच्या घरातली, बाप गवंडी. सरांच्या वर्गात होती. तिच्या घरी इंटरनेट धड चालत नव्हतं, म्हणून दर रविवारी जीपनं कमलनगरला यायची आणि वर बसून आठवड्याचं समजून घ्यायची. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. तर दुपारचं जेवण आलं. सुरुवातीला मी तिचं ताट वर नेऊन द्यायची. स्वयंपाकघरात तिला बोलवत नव्हते. का, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मी वेगळी होते असं सांगायला मी हे लिहीत नाही. तिलाही माहीत होतं. ताट जमिनीवर ठेवायला सांगायची, हातात घेत नसे.

सरांनी यावर मला कधी प्रवचन दिलं नाही. एका रविवारी ते म्हणाले, "अक्का, ताट वर न्यायला एक खेप, पाणी न्यायला एक, भांडी आणायला एक. तुमच्या गुडघ्यांना दर रविवारी बावीस पायऱ्यांच्या तीन खेपा. ती खाली येऊन जेवली तर एकही नाही."

मी दोन रविवार विचार केला. तिसऱ्या रविवारी गुडघा सुजला होता. मी खालूनच हाक मारली, "ए पोरी, खाली ये जेवायला." ती आली, दारात थांबली.

"आत येऊ का, आजी?"

"मग काय दारात वाढू?"

ती आत आली. महिन्याभरात ती माझ्या काठवटीपुढं बसून भाकरी थापायला लागली. माझ्यापेक्षा पातळ करायची. लोक म्हणतात मोठ्या गोष्टींना मोठं मन लागतं. माझ्या बाबतीत गुडघा लागला.

तिच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी पाचांतली दोन विद्यापीठं बाहेर पडली. त्यांना स्वतःचा वर्ग काढायचा होता. उरलेल्या तिघांनीही ठरवलं की ही शेवटची तुकडी. म्हणजे जो आता राहिला तो कायमचा राहिला. तिला हैदराबादच्या एका कंपनीनं घेतलं होतं, वखारीतला माल कुठल्या गाडीत कसा भरायचा ते ठरवायच्या कामावर. दोन महिन्यांत पदवीचा कागद दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्या घरात असा कागद आजवर कुणी आणला नव्हता.

चार पेपर झाले. पाचवा सरांचा. कमलनगरच्याच कॉलेजातल्या एका खोलीत, तीन मुलं, आणि दारात सर. पेपर सगळ्या ठिकाणी एकाच मिनिटाला उघडायचा. अर्धा तास झाला की कुणाला आत घ्यायचं नाही, नाहीतर एका ठिकाणचा पेपर दुसरीकडं फोनवर जाईल. हा नियम पाच जणांनी मंजूर केला होता, पण लिहिला होता सरांनी.

ती पन्नास मिनिटं उशिरा पोचली. पेपरच्या तासभर आधी मेहकरच्या स्टँडवर आली होती. जीपमध्ये नऊच माणसं बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, पलीकडच्या वस्तीवरून लग्नाची माणसं यायलीत, पाच मिनिटं थांबा. लग्नाची माणसं आलीच नाहीत. सरांनी तिला दारातून परत पाठवलं.

ती माझ्याकडं आली, स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. मी चहा केला. सर एक वाजता आले तेव्हा मी विचारलं, "कामून पाठवलाव पोरीला परत?"

"अर्धा तास झाला होता."

"ती कामून उशिरा आली ते इचारलाव का?"

"विचारलं. जीप भरली नव्हती."

"मग?"

"मग काही नाही. नियमात जीप नाही."

एक वाट होती. आजारपणानं किंवा घरात मयत झाल्यानं पेपर चुकला, तर महिन्याभरात एकदा परत देता यायचा. अर्ज पंधरा दिवसांत. एका दिवसाच्या आजाराला डॉक्टरचा कागद लागत नव्हता, आजार डोळ्यांनी पाहिलेल्या मोठ्या माणसाची सही चालायची. अर्ज मास्तरानं भरायचा. मी त्याच दिवशी म्हटलं, "लिहा की ताप आला होता. मी सही करती."

"मी दारात उभा होतो, अक्का. ती आजारी नव्हती."

त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, जीप भरली नाही. तीन दिवसांत अर्ज परत आला. हे कारण बसत नाही म्हणून. मग सरांनी आठ वर्षांच्या वह्या काढल्या आणि अकरा पानं तयार केली. जीपला उशीर होणं हे प्रवाशाच्या हातात नसतं, ते ताप येण्यासारखंच आहे, हे गणितानं दाखवलं. ती पानं घेऊन ते स्वतः निघाले. एका विद्यापीठानं सांगितलं, आधी दुसऱ्याचं पत्र आणा. दुसऱ्यानं तिसऱ्याकडं पाठवलं. तिसरं म्हणालं, पहिल्यानं हो म्हटलं तर आमची हरकत नाही. जवळात जवळचा रस्ता कसा काढायचा हे ज्यांनी तीस वर्षं शिकवलं, ते एकाच जंक्शनवर चार वेळा उतरले. नवव्या दिवशी परत आले. चपलेचा अंगठा तुटलेला, दाढी वाढलेली.

"पानं वाचली का त्यांनी?"

"एकानं वाचली. म्हणाला, छान आहे, छापायला पाठवा."

मी जेवायला वाढलं. ते अर्धी भाकरी खाऊन उठले. एवढं सगळं एक खोटं वाक्य लिहावं लागू नये म्हणून. मला त्यांचं कौतुक वाटलं नाही. खरं बोलायची हौस त्यांची होती आणि नोकरी जाणार होती पोरीची.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती आली. अर्ज दुपारी एकच्या आत पाठवायचा होता. सर खाली आले, नेहमीप्रमाणं ताट, कळशी आणि नवा अर्ज घेऊन. कारणाचा रकाना कोराच होता.

ती उभीच राहिली. दोन वर्षं ती सरांसमोर खालच्या आवाजात बोलायची. त्या दिवशी नाही.

"सर, अटींत उत्तर बसत नसलं तर एक अट सोडायची, हे तुम्हीच शिकवलाव ना?"

"व्हय."

"मग कुठली सोडायलाव? तुमचा नियम सोडंनात, तुमचं खरं सोडंनात. उरले कोण? मीच की. मला सोडायलाव तुम्ही, सर. तसं तोंडानं सांगा आणि मी जाते मेहकरला."

सरांनी कळशी खाली ठेवली. मग पाटावर बसले, पेन काढलं, आणि तिच्याशी नाही, माझ्याशी बोलले.

"अक्का, त्या दिवशी ही तुमच्याकडं आली, तेव्हा कशी होती?"

"रडायली होती."

"अंग?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"गरम होतं," मी म्हटलं.

"किती?"

"एकशे दोन."

"कशानं मोजलंत?"

"हातानं."

"हातानं एकशे दोन कळतं?"

"चार लेकरं वाढवल्यावर कळतं."

त्यांनी लिहिलं. मी शिकले ते चौथीपर्यंत, पण स्वतःबद्दल काय लिहिलंय ते मला वाचता येतं. लिहिलं होतं: घरमालकीण सांगतात की त्या दिवशी विद्यार्थिनीच्या अंगात एकशे दोन ताप होता, हात लावून पाहिला. खाली माझ्या सहीची जागा. सर सांगतात असं कुठंच नव्हतं.

"म्हंजे खोटं माझ्या नावावर गेलं," मी म्हटलं.

"व्हय."

"तुमचं अंग कोरडंच की."

सर अवघडले, पण उत्तर तयार होतं. "कुठलं काम कुणाला द्यायचं? ज्याला ते कमीत कमी जड जाईल त्याला. पहिल्या महिन्यात शिकवतो आम्ही हे."

पोरगी तोंडावर ओढणी धरून उभी होती. हसत होती की रडत होती, मी बघायला गेले नाही. सही केली.

तिची परीक्षा झाली. सरांनी पेपर तपासताना एक गुणही जास्त दिला नाही. तिला एकसष्ट मिळाले, आणि ते तिचेच होते. ती हैदराबादला गेली. पहिल्या वर्षी दोनदा आली, मग फोन करायची, आता तोही क्वचित. तसंच असतं. तो पाच विद्यापीठांचा वर्ग बंद झाला. सर भाचीकडं राहायला गेले. जाताना सामान एका खेपेत मावावं म्हणून त्यांनी निम्मं माझ्याकडंच टाकलं, त्यात त्या जीपच्या वह्या. त्या मी रद्दीत घातल्या. माडी आता एका बँकेतल्या माणसाला दिली आहे. तो दिवसातून वीस वेळा जिना चढतो-उतरतो आणि कशाचाही विचार करत नाही.

पण मला सर आठवतात ते त्या अर्जाच्या दिवशीचे. अर्ज साडेबाराला गेला. पोरगी जेवून मेहकरला गेली. मी भांडी आवरली, आडवी झाले आणि चारला उठले. बघते तर सर स्वयंपाकघराच्या दारात उभे. हातात ताट नाही, कळशी नाही, काही नाही.

"झोपला होतात?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"झोप लागली?"

"लागली की. कामून?"

त्यांनी मान हलवली. "मग काम बरोबर माणसाला दिलं," म्हणाले, आणि तिथंच पाटावर बसले. डोळे लाल होते. वर तीन तास त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता ते दिसत होतं. मी चहा ठेवला, त्यांच्या कपात साखर जास्त घातली, आणि दोघांनी तो प्यायला.